‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

मागच्या दिवाळीत भाच्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. एएम५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) बी६५० मदरबोर्ड, एएमडीचा रायझेन ७६०० प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर मात्र काळा. रात्री अकराला फोन आला, “मामा, बोर्ड गेला वाटतं. चार वेळा चालू-बंद करून पाहिलं.” प्रत्येक वेळी किती थांबलास, असं विचारलं तर म्हणाला, “असेल अर्धा मिनिट.” म्हटलं, आता पुन्हा चालू कर आणि दहा मिनिटं त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. चहा संपायच्या आत डिस्प्ले आला होता.

झालं होतं एवढंच: डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो. कोणत्या तारेवर सिग्नल किती उशिरा पोचतो, कोणत्या व्होल्टेजला नीट वाचता येतो, हे सगळं तो मोजत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम५ बोर्डावर पहिल्या वेळी याला कित्येक मिनिटं लागू शकतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटलेला असतो. मध्येच बटण दाबून बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. भाच्याने चार वेळा तेच केलं होतं. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट केला, बोर्डावरचा सेल काढला किंवा रॅमच्या सेटिंग बदलल्या तरी ही वाट पुन्हा बघावी लागते.

‘गेला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बोर्डांपैकी बहुतेक गेलेले नव्हते. कुठे रॅम नीट बसलेली नव्हती, कुठे प्रोसेसरची पॉवर केबल लावायची राहिली होती, कुठे बायोसमध्ये कुणीतरी हौस केली होती. म्हणून खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते कागदावर लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तोच त्रास परत येतो.

पंखाही हलत नाही

आधी भिंतीचा सॉकेट दुसरं काही लावून तपासा, मग एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागचा स्विच. हसू नका, तो चालू करायला मी स्वतः दोनदा विसरलोय. त्यानंतर २४ पिनांचा मोठा कनेक्टर. तो अर्धवट बसला तरी बसल्यासारखा दिसतो. अंगठ्याने दाबा, खटका अडकल्याचा आवाज यायला हवा.

मग कॅबिनेटचं बटण. त्याच्या बारीक वायरी बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवर चुकीच्या जागी लावणं ही पहिल्यांदा जोडणाऱ्याची ठरलेली चूक. मॅन्युअलमध्ये बघून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा, वायर काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. मशीन चालू झालं तर बोर्ड ठीक आहे, दोष बटणात किंवा वायरीत.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस वेगळा करून तपासता येतो. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये १६ क्रमांकाची पिन, जुन्या केबलमध्ये हिची वायर हिरवी असते, शेजारच्या कोणत्याही काळ्या वायरीला जाड तारेने जोडली की एसएमपीएस सुरू होतो. तार जोडताना मागचा स्विच बंद ठेवा, जोडून झाली की चालू करा. हल्लीच्या केबल सगळ्याच काळ्या असतात, तेव्हा रंगावर न जाता मॅन्युअलमधली आकृती बघा. काही एसएमपीएसचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, तर पंखा थांबलेला दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नका. उलट पंखा फिरला म्हणून तो लोड पेलेलच असंही नाही.

एक गोष्ट कधीच करू नका: एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल दुसऱ्याला लावू नका, कंपनी एकच असली तरी. केबलचं बोर्डाकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडचं नसतं. केबल खाचेत बसते, मशीन चालू होतं, आणि हार्ड डिस्क जळते.

मशीन एका सेकंदासाठी चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर तो बहुतेक शॉर्ट असतो. बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारी छोटी खुंटी) किंवा निसटून पडलेला स्क्रू शोधा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. ज्या चंदेरी पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवून मात्र चालवू नका. त्या पिशवीतून वीज थोडीफार वाहू शकते.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डात हवी, बोर्डाच्या मागे नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यांत, आणि रायझेन ५६०० सारख्या एएम४ प्रोसेसरमध्ये, आतलं ग्राफिक्स नसतंच. त्या बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टला कितीही केबल लावा, काही दिसणार नाही.

आता बोर्डावरचे चार बारीक दिवे शोधा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड), बूट (विंडोज सुरू होण्याचा टप्पा). गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर ते असतात. चालू केल्यावर ते एकामागून एक पेटतात आणि विझतात. जिथे थांबतो तिथे घोडं अडलंय. जुन्या किंवा स्वस्त बोर्डावर दिवे नसतील तर बाजारात मिळणारा चिमुकला स्पीकर पिनांवर लावा आणि बीप मोजा. रॅम काढून चालू केल्यावर त्याने ओरडायला हवं. ओरडला तर निदान प्रोसेसर आणि बोर्ड एकमेकांशी बोलतायत.

सीपीयूचा दिवा अडकला असेल तर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा कनेक्टर बघा. हा चार अधिक चार असा फुटतो. ग्राफिक कार्डाचा सहा अधिक दोन असा. दिसायला सारखे, तारांची मांडणी वेगळी. जोर लावून एकाच्या जागी दुसरा बसवणारे महाभाग आहेत. केबल बरोबर असेल तर पुढचा प्रश्न: हा प्रोसेसर त्या बायोसला माहीत आहे का? बी४५० बोर्डावर रायझेन ५६०० बसवताना हे हमखास होतं. एएम४ सॉकेट २०१६ पासूनचा, रायझेन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये. त्याआधी कारखान्यातून निघालेला बोर्ड गोदामातून तसाच तुमच्या हातात आला, तर तो नवा प्रोसेसर ओळखणार नाही.

अशा वेळी बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकची, म्हणजे पेन ड्राइव्हवरून थेट बायोस बदलायची, सोय असेल तर सुटलात. अनेक बोर्डांवर त्यासाठी प्रोसेसर बसवलेला असण्याचीही गरज नसते, फक्त दोन्ही पॉवर केबल हव्यात. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्याच मॉडेलची बायोस फाइल घ्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव तिला द्या. कंपनीगणिक ते नाव वेगळं असतं आणि त्यात एक अक्षर चुकलं तरी बोर्ड फाइलकडे ढुंकून बघत नाही. पेन ड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावायचा. दिवा लुकलुकत असेपर्यंत हात लावू नका, आणि हे काम लोडशेडिंगच्या वेळेत करू नका.

व्हीजीएचा दिवा अडकला तर कार्ड काढून पुन्हा बसवा, त्याच्या पॉवर केबल तपासा. कार्ड रायझर केबलने (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणाऱ्या केबलने) उभं लावलं असेल तर बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग एक पिढी खाली आणून बघा.

रॅम: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

डीरॅमचा दिवा अडकलेला दिसला की मला उलट बरं वाटतं, कारण हा दोष बहुतेकदा फुकटात दुरुस्त होतो.

पहिल्यांदा एसएमपीएसचा स्विच बंद करा आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. सगळ्या पट्ट्या काढा. एकच पट्टी, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर हा ए२ असतो. दोन पट्ट्या असतील तर दुसरा आणि चौथा स्लॉट, पहिला-दुसरा किंवा पहिला-तिसरा नाही. बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. काही बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो आणि दुसरी बाजू अर्धवट वर राहिलेली कळत नाही.

चालू करा आणि थांबा. डीडीआर४ असेल तर एक-दोन मिनिटं, डीडीआर५ असेल तर पंधरा. आला नाही तर दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये. मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये चालली याचा चार घरांचा तक्ता कागदावर केला की दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, ते उघड होतं.

जुन्या मशीनवर पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबरने पुसण्याचा दुकानातला प्रकार अंधश्रद्धा नाही. कोकणात, मुंबईत पावसाळाभर हवा दमट असते, महिनाभर बंद राहिलेल्या मशीनच्या संपर्कांवर थर चढतो. पांढरा मऊ खोडरबर वापरा, एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा, भुकटी ब्रशने झटकून टाका. शाईचा खरखरीत खोडरबर नको, तो सोन्याचा मुलामाच खरवडतो. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण जातात.

एका बाजूचे दोन्ही स्लॉट मेल्यासारखे वागत असतील तर संशय रॅमवरून प्रोसेसरच्या सॉकेटकडे वळवा. इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात आणि त्यातली एक वाकली तर मेमरीची एक अख्खी वाहिनी गायब होते. कूलरचे स्क्रू एका कोपऱ्यात जास्त आवळले तरी असं होतं, तेव्हा आधी स्क्रू थोडे सैल करून बघा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. तिथे कूलर सरळ वर ओढला तर दोघांमधल्या वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही उपटून येतो. मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

सेल आणि जंपर

काल चालत होतं, बायोसमध्ये काहीतरी बदललं, आज चालत नाही. अशा वेळी सीमॉस क्लिअर करायचा, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला न्यायच्या. त्याआधी मशीनला स्वतःहून सावरायची संधी द्या: बरेच बोर्ड दोन-तीनदा चालू-बंद होऊन ‘ओव्हरक्लॉकिंग फेल झालं’ (ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग जमला नाही) असा निरोप देतात आणि साध्या सेटिंगवर येतात.

तसं झालं नाही तर एसएमपीएस बंद करा, भिंतीतून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. मग जंपर, म्हणजे बोर्डावरची दोन पिनांची जोडी. असूसच्या बोर्डांवर त्याच्याजवळ सीएलआरटीसी लिहिलेलं असतं, एमएसआयवर जेबॅट१, गिगाबाइटवर सीएलआर सीमॉस. त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने दहा सेकंद जोडून ठेवा. किंवा सीआर२०३२ सेल काढून पाच-दहा मिनिटं थांबा. वायर भिंतीत ठेवून सेल काढला तर काहीच पुसलं जात नाही, आणि ही चूक सर्रास होते.

सेल काढलाच आहे तर मल्टिमीटरवर मोजा. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. घड्याळ रोज मागे पडतंय, सेटिंग टिकत नाहीत, अशा तक्रारींमागे बहुतेकदा हा छोटा सेल असतो.

एक धोका लक्षात ठेवा. बायोस अपडेट किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की मागू शकतं. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कागदावर आहे याची खात्री आधी करा, नाहीतर मशीन वाचेल आणि त्यातले फोटो जातील. तसंच, क्लिअर केल्यावर डिस्कच्या सेटिंग बदलून विंडोज सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये रेड, व्हीएमडी आणि सीएसएम या तीन सेटिंग पूर्वी होत्या तशा करा. डिस्क फॉरमॅट करायला धावू नका.

ओव्हरक्लॉक केल्यावर

आधी तुमच्या मशीनला ओव्हरक्लॉक करता येतं का बघा. इंटेलमध्ये प्रोसेसरचा वेग वाढवायला नावाशेवटी के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड लागतो. इंटेलच्याच एच६१० बोर्डावर रॅमचाही वेग ठरलेल्या मर्यादेपुढे जात नाही. एएमडीच्या बी आणि एक्स मालिकेच्या बोर्डांवर मोकळीक आहे, ए५२० किंवा ए६२० वर प्रोसेसर हलवता येत नाही. मॅन्युअलमध्ये हा पर्याय शोधून रात्र घालवलेले लोक मला माहीत आहेत.

बहुतेकांचं ओव्हरक्लॉकिंग म्हणजे एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमच्या पाकिटावरचा वेग लावणारी बायोसमधली तयार सेटिंग) चालू करणं. हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे पाकिटावर ठळक लिहिलेलं नसतं. डीडीआर५ चा मूळ वेग ४८०० आणि व्होल्टेज १.१, ६००० ची पट्टी त्या वेगाला चालवायला व्होल्टेज साधारण १.३५ पर्यंत वाढतं. पट्टी ६००० ला चालते एवढं पट्टीच्या कंपनीने तपासलेलं असतं; तुमच्या प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आणि तुमचा बोर्ड ते पेलतील का, हा वेगळा प्रश्न. रायझेन ७००० साठी एएमडीने अधिकृतपणे दोन पट्ट्यांना ५२०० पर्यंत आणि चार पट्ट्यांना फक्त ३६०० सांगितलंय. म्हणून चार पट्ट्या भरून ६००० मागणाऱ्याला मी एकच सल्ला देतो: दोन विका, मोठ्या दोन घ्या.

आज एक पट्टी, बोनस मिळाल्यावर दुसरी, ही आपली पद्धत खिशाला बरी, पण एक्सएमपीला नाही. एकाच मॉडेलच्या दोन पट्ट्यांत वेगवेगळ्या महिन्यांत वेगळ्या चिप असू शकतात. त्या साध्या वेगाला गुण्यागोविंदाने नांदतात, एक्सएमपीवर भांडतात.

रॅम काठावर असली की मशीन सरळ बंद पडत नाही, आडून सांगतं. ब्राउझरचे टॅब मरतात, झिप फाइल खराब निघते, विंडोज इन्स्टॉल होताना प्रत्येक वेळी वेगळी चूक येते. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चार फेऱ्या चालवा. एक चूक आली तरी नापास. ‘एकच तर आहे’ असं इथे चालत नाही. नापास झाली तर वेग एक पायरी खाली आणा, ६००० वरून ५६००. तिथे पास झाली तर वापरात फरक जाणवणार नाही. डीडीआर४ आणि रायझेन ५००० असेल तर रॅम ३६०० आणि एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८०० ही जोडी धरा. ४००० च्या मागे लागून बरेच जण हात पोळून आलेत.

व्होल्टेजबद्दल मी भित्रा आहे आणि तसाच राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो आले, आणि त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. काही बोर्ड एक्स्पो चालू केलं की हे व्होल्टेज स्वतःहून वाढवत होते. त्यामुळे एएम५ बोर्डावर ही मर्यादा येण्याआधीचा बायोस असेल तर एक्स्पोला हात लावण्याआधी तो बदला.

प्रोसेसरकडे वळा ते रॅम पास झाल्यावरच. दोन्ही एकदम हलवले तर दोष कुणाचा ते कळत नाही. हल्ली गुणक (प्रोसेसरचा वेग ठरवणारा आकडा) वाढवण्यात फारसं उरलेलं नाही. रायझेनवर पीबीओ (प्रोसेसरला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणारी सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) जास्त देतो. व्हिडिओत बघून सगळ्या कोअरना थेट उणे ३० देणारे बरेच आहेत. सिनेबेंचची चाचणी पास होते, खेळही चालतो, आणि रात्री मशीन नुसतं पडून असताना रीस्टार्ट होतं. कमी लोडवर व्होल्टेज सर्वांत खाली जातं, खरी परीक्षा तिथे असते. उणे १० पासून सुरू करा, दर पायरीला एक-दोन दिवस वापरा. रीस्टार्ट झालं तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. कर्नल-पॉवर ४१ एवढंच सांगतो की मशीन अचानक बंद झालं. त्याच्या आसपास व्हीया-लॉगर १८ दिसला तर बोट प्रोसेसरकडे आहे, आणि बरेचदा त्यात कोअरचा क्रमांकही ओळखता येतो. तेवढ्याच कोअरचा आकडा सैल करा.

तपासणी कुठल्या महिन्यात केली तेही कागदावर लिहा. नागपूर-अकोल्याकडे जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी नापास होते, आणि माणूस बिचारा विंडोज बदलत बसतो. वीज गेल्यावर मशीन यूपीएसवर टिकत नसेल तर तोही ओव्हरक्लॉकचा दोष नाही. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, खेळ चालू असताना ग्राफिक कार्डासकट मशीन त्याहून जास्त ओढू शकतं.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा मामला वेगळा. काहीही न छेडता खेळ बंद पडतो आणि ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा निरोप येतो, तेव्हा ग्राफिक कार्डाला दोष देऊ नका. या पिढ्यांच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते झिजत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस टाका आणि इंटेल डीफॉल्ट सेटिंग निवडा. पण झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही. अपडेटनंतरही त्रास राहिला तर वॉरंटीत बदलून घ्या.

दुकानात नेण्याआधी

इतकं करूनही सीपीयूचा दिवा हटत नसेल तर फक्त बोर्ड, प्रोसेसर, कूलर आणि एक पट्टी खोक्यावर ठेवून शेवटचं बघा, शक्य असेल तर मित्राच्या एसएमपीएसवर. तरीही नाही, तर बोर्ड वॉरंटीला द्यायचा. बिलाची प्रत आणि सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण सोबत हवं. ते झाकण नवा बोर्ड आणला त्याच दिवशी जपून ठेवायचं असतं, कारण त्याशिवाय बोर्ड घ्यायला नकार मिळू शकतो. आणि काउंटरवर देण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून सॉकेटमधल्या पिनांचे जवळून तीन-चार फोटो काढा, समोरच्या माणसाला दाखवा, पावतीवर ‘पिना सरळ’ असं लिहून घ्या. मी एकदा हे केलं नव्हतं. आठ दिवसांनी फोन आला, “पिना वाकलेल्या आहेत, वॉरंटी बसत नाही.” माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.